खैराचे खांब

आपल्या ग्रामदेवतेचा जुना सभामंडप उतरविला त्या दिवशीची ही गोष्ट. कौले खाली आली, वासे खाली आले, मग तुळया. तुळयांना वाळवीने आतून पार पोखरले होते. दोन वासे तर हातात घेताच पिठासारखे सुटले. खांबांची गत मात्र निराळी. तळखड्याशी, जेथे कित्येक पावसाळ्यांचे पाणी मुरले असेल, तेथेही लाकूड जसेच्या तसे. सुतारांनी पटाशी लावली तर तिची धार गेली. हे लाकूड कोणते, यावर तेथेच चर्चा सुरू झाली. कोणी शिसव म्हणाले, कोणी जुना सागवान म्हणाले. आमच्या मुंबईकर मंडळींपैकी एकाने तर थेट ब्रह्मदेशाचे नाव घेतले. मातीच्या पाट्या उचलायला कातकरवाडीतून आलेले एक वृद्ध गृहस्थ बाजूला उभे होते. त्यांनी कोयत्याने खांबाची एक ढलपी काढली, दाताखाली धरली, थोडा वेळ चघळली आणि थुंकले. थुंकी तांबूस पडली. "खैर हाय," एवढेच बोलून ते पुन्हा पाटी उचलायला गेले.

जीर्णोद्धार समितीने या स्मरणिकेसाठी मला 'गावाविषयी काही ऐतिहासिक' लिहावयास सांगितले होते. देवस्थानचा इतिहास, मानकऱ्यांची परंपरा, उत्सवाचे क्रम हे सारे जाणकारांनी याच अंकात लिहिले आहे. त्यात मी भर घालावी असे काही नाही. मी जन्मभर शाळामास्तर. इतिहास शिकविला तो पुस्तकातला. परंतु त्या ढलपीने माझ्या मनात घर केले आणि खैराचाच इतिहास लिहावा असे ठरविले. समितीतील एका ज्येष्ठ सभासदांनी "झाडाला कसला आलाय इतिहास?" असे हसत विचारले. त्यांच्यासाठी हे जरा विस्ताराने लिहीत आहे.

खैर आपल्या डोंगराच्या उतारावर कोणीही पाहिलेला असतो आणि कोणाच्याही लक्षात राहिलेला नसतो. बाभळीच्या कुळातले हे मध्यम उंचीचे, काटेरी झाड. पान बारीक, पिसासारखे. पानाच्या देठाशी आकड्यासारख्या वाकड्या काट्यांची जोडी. साल काळपट तपकिरी, लांब पट्ट्यांनी सुटणारी. पावसाच्या तोंडावर फिकट पिवळ्या फुलांचे तुरे येतात, मागून चपट्या शेंगा. सावलीला बसावे असे हे झाड नव्हे, की फळासाठी पोरांनी दगड मारावेत असेही नव्हे. त्याचे सारे धन पोटात. बाहेरचे पिवळट पांढरे लाकूड सोलले की आत लालसर तपकिरी गाभा लागतो, आणि खैराचा म्हणून जो काही इतिहास आहे तो या गाभ्याचा आहे. शास्त्रज्ञ पूर्वी या झाडाला अकेशिया कॅटेचू म्हणत. आता त्याचे नाव बदलून सेनेगालिया कॅटेचू असे केले आहे. यातील 'कॅटेचू' म्हणजे आपला कातच. (जाता जाता सांगतो, "आता तुझी खैर नाही" यातील खैर हा अरबी शब्द आहे, त्याचा या झाडाशी संबंध नाही, आणि सापाची कात ती निराळी. दरवर्षी वर्गात कोणी ना कोणी हे विचारीत असे.)

संस्कृतात हा खदिर. ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलात, विश्वामित्रांच्या सूक्तात, रथाच्या बळकटीसाठी खदिराच्या गाभ्याची आठवण काढलेली आहे. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीच्या सुतारालाही आपल्या सुतारांप्रमाणेच याच्या कठीणपणाचा अनुभव आला होता. ऐतरेय ब्राह्मणात यज्ञाचा यूप कोणत्या लाकडाचा करावा हे सांगताना स्वर्गाची इच्छा धरणाऱ्याने तो खदिराचा करावा असे म्हटले आहे. होमात तूप सोडायची स्रुवा ती खदिराचीच. नवग्रहांच्या समिधांत रवीला रुई, चंद्राला पळस, तसा मंगळाला खैर. व्रजभूमीच्या बारा वनांत एक खदिरवन आहे, आणि बौद्धांची हिरवी तारादेवी तर खदिरवनातच राहणारी म्हणून खदिरवणी तारा. देवळाच्या मंडपाला खैराचे खांब घालणाऱ्या आपल्या पूर्वजांनी हे ग्रंथ वाचले असतील असे मी म्हणणार नाही. वाळवी लागत नाही, पाण्यात कुजत नाही आणि डोंगरावर आहे, एवढे त्यांना पुरेसे असावे. मुसळ, नांगराचे भाग, घाण्याची लाट, सारे जेथे झीज सोसायची तेथे खैर, हा हिशेब सगळीकडे होता.

पण खैराची खरी कीर्ती औषधात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात प्रत्येक कामात श्रेष्ठ कोण याची एक यादी आहे. त्यात त्वचेच्या विकारांवर, कुष्ठावर, श्रेष्ठ म्हणून खदिराचे नाव घातले आहे. तोंडाच्या आरोग्याविषयी सुश्रुताने जे सांगितले आहे ते आजच्या मुलांनाही वाचून दाखवावे असे आहे. दातवण बारा अंगुळे लांब, करंगळीएवढे जाड, सरळ आणि ताजे असावे. टोक चावून मऊ कुंचा करावा. एकेक दात वेगळा घासावा, आणि हिरड्यांना इजा होऊ देऊ नये. मग झाडे सांगितली आहेत ती रसांप्रमाणे: कडूंमध्ये निंब उत्तम, गोडांमध्ये मोह, तिखटांमध्ये करंज, आणि तुरटांमध्ये खदिर. पैकी निंबाचा मान अजून टिकला आहे. खैराचे दातवण मोडणारा मनुष्य मात्र मी माझ्या हयातीत वाडीखेरीज अन्यत्र पाहिला नाही. काट्यांचाही त्यात वाटा असेल.

चरकाच्या चिकित्सास्थानात मुखरोगांच्या प्रकरणात खदिरादि गुटिका येते. खैराचा गाभा आणि इरिमेद यांचा मोठा काढा करून तो आटवावयाचा, त्यात सुगंधी द्रव्यांची चूर्णे मिसळून गोळ्या वळावयाच्या, आणि त्या तोंडात धरून चघळावयाच्या. घसा बसणे, तोंड येणे, हिरड्या सुजणे, तोंडाला घाण येणे यांवर ही योजना. आजही वैद्यांच्या दुकानात खदिरादि वटी मिळते ती याच घराण्यातली. कीर्तनकार आणि भजनी मंडळींच्या खिशात तिची डबी असे. आपल्या सप्ताहात पहाटेच्या काकड्याला ती हातोहात फिरताना मी पाहिली आहे.

ही गुणकारी वस्तू काम कशी करते हे आता बरेच कळले आहे. काताचा मुख्य गुण तुरटपणा. तुरट पदार्थांतील टॅनिन नावाची द्रव्ये तोंडातल्या नाजूक त्वचेवरील प्रथिनांशी बांधली जातात, तेथला भाग आकसतो, स्राव कमी होतो आणि बारीकसारीक रक्त थांबते. कच्चे केळे खाल्ल्यावर जीभ ओढल्यासारखी होते ना, तोच प्रकार. काताचे दुसरे प्रमुख द्रव्य कॅटेचिन. चहाच्या गुणांविषयी हल्ली जे लिहून येते त्यात हे नाव हटकून असते. पण ते नाव मुळात चहावरून पडलेले नाही, आपल्या कातावरून पडले आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. येथे एक खुलासा केला पाहिजे. कात हिरडीला आवळतो म्हणून किडलेला दात बरा होत नाही, आणि महिनोन्‌महिने न भरणारा तोंडातला व्रण गोळ्या चघळत अंगावर काढायचा नसतो. तेथे डॉक्टरच गाठला पाहिजे.

आमच्या घरात कात दोन ठिकाणी असे. एक पानाच्या डब्यात, चुना, सुपारी, लवंग आणि अडकित्त्याच्या शेजारी. दुसरा आजीच्या औषधाच्या पेटीत, फडक्यात बांधून. पेटीतल्या काताला पोरांनी हात लावायचा नाही. तोंड आले तर त्यातला कण पाण्यात उगाळून बोटाने लावीत. बाळंतिणीसाठी तो हिराबोळाबरोबर येई. 'कातबोळ' हा शब्द जुन्या बायकांना सांगावा लागत नाही. बाळंतपणानंतर अंग आवळावे, झीज भरून यावी म्हणून तो देत. आजीने मला एकदा सांगितले होते की तिच्या सासूच्या काळी हा कात बाजारातून आणावा लागत नसे. वाडीवरची बाई टोपलीतून वड्या घेऊन येई आणि पदरात भात घेऊन जाई. देवीच्या नवरात्राच्या विड्याला लागणारा कातही तिचाच. आजीने स्वतः हे पाहिलेले नव्हते, ऐकलेले होते. लहानपणी मी ते कानाआड केले. आता वाटते, आजीने सांगितलेल्या शंभर गोष्टींत इतिहास म्हणून टिपून ठेवावी अशी ती एक होती.

विड्याचे महत्त्व देवळाच्या स्मरणिकेत निराळे सांगायला नको. त्रयोदशगुणी विड्यात कात आहेच. माहूरच्या रेणुकामातेचा तर कुटलेल्या विड्याचा तांबूल हाच प्रसाद. पानाचा हिरवा, चुन्याचा पांढरा आणि काताचा तपकिरी, या तिघांतून ओठावर जो लाल रंग उठतो त्याचे श्रेय लोक पानाला देतात. तो रंग काताला चुना भेटल्यामुळे येतो.

आता हा कात होत कसा असे? झाड जुने हवे. गाभा भरायला पंचवीस-तीस वर्षे जावी लागतात. पावसाळा सरला, रान वाळले की झाड तोडायचे, वरचे पांढरे लाकूड काढून टाकायचे आणि लाल गाभ्याच्या कुऱ्हाडीने बारीक ढलप्या करायच्या. लांबट चुलाणावर मडक्यांची ओळ मांडायची. ढलप्या पाण्यात घालून तासन्‌तास उकळायच्या. पाणी गडद झाले की ते दुसऱ्या मडक्यात, पुन्हा नव्या ढलप्या, पुन्हा उकळी. शेवटी काकवीसारखा दाट झालेला रस निवत ठेवायचा. तो थिजला की वड्या पाडून सावलीत वाळवायच्या. निवताना जे दाणेदार बसते तो खाण्याचा कात. जे पातळ उरते ते आटवून रंगाला आणि कातडी कमावायला वापरतात. जहाजांची शिडे आणि मासेमारीची जाळी टिकावीत म्हणून जगभर याच रंगात बुडवीत.

हा आपला घरगुती वाटणारा माल किती दूर जाई ते पाहा. पोर्तुगीज प्रवासी दुआर्त बार्बोसा याने १५१४ च्या सुमारास खंबायतहून मलाक्केला जाणाऱ्या मालात काताची नोंद केली आहे. पुढे १५३४ साली गोव्यात आलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ मध्ये गोव्यातच औषधींवरचा आपला ग्रंथ छापला. त्यात एक संपूर्ण संवाद कातावर आहे. झाड कसे दिसते, लाकडातून कात कसा काढतात हे त्याने विचारून लिहिले आहे, आणि तो नाचणीच्या पिठात मिसळून त्याच्या वड्या करीत हेही नोंदविले आहे. नाचणी! म्हणजे ही माणसे कोण होती, कोणत्या डोंगरातली होती याचा अंदाज आपल्यासारख्या नाचणी खाणाऱ्यांना लगेच येतो. युरोपातील औषधविक्रेत्यांपर्यंत कात सतराव्या शतकात पोचला तेव्हा त्यांना ती जपानातून आलेली माती वाटली आणि त्यांनी तिचे नाव 'टेरा जापोनिका', जपानी माती, असे ठेवले. जो पदार्थ करताना बाईच्या हाताला मडक्यांचे चटके बसत होते, तो विकत घेणाऱ्याच्या लेखी माती होता. माल दूर गेला की करणारा नाहीसा होतो तो असा.

आणि करणारे कोण, तर ज्यांच्या नावातच तो आहे ते. कात करणारे म्हणून कातकरी. ठाण्याच्या अंगाला काथोडी असेही म्हणत. जुन्या सरकारी गॅझेटियरांत, ठाण्याच्या १८८२ च्या आणि आपल्या कुलाब्याच्या, म्हणजे आताच्या रायगडच्या, १८८३ च्या खंडात, त्यांच्या नावाचा हाच उगम दिला आहे. त्याआधी १८४३ मध्ये मुंबईचे मिशनरी जॉन विल्सन यांनी वारली आणि काथोडी यांच्यावर लिहिलेला निबंध प्रसिद्ध झाला. रानात शिरल्यावर हे लोक प्रथम एक झाड देव म्हणून निवडतात, त्याला शेंदूर लावतात, नारळ आणि धूप देतात आणि मगच कामाला हात घालतात, असे त्यात वर्णन आहे. वाचताना मला नवल वाटले. आपल्या देवीचा मूळ तांदळा शेंदराचाच, आणि नव्या मंदिराच्या पायाभरणीला आपणही नारळच वाढविला. देवाला विचारून काम सुरू करण्याची रीत एकच. फक्त त्यांचे देऊळ उभे होते आणि त्याला पाने होती. आणि हेही लिहिले पाहिजे की ज्यांच्या काताने देवीचा विडा रंगे ते त्या काळी मंडपाची पायरी चढत नसत. ते आपण चढू देत नव्हतो म्हणून.

हा धंदा मोडला तो खैर संपला म्हणून नव्हे, रान परके झाले म्हणून. मुंबई इलाख्यात १८४७ साली डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे पहिले वनसंरक्षक नेमले गेले. जहाजांना, आणि पुढे रेल्वेला, लाकूड हवे होते. १८६५ चा वनकायदा आला, तो कमी वाटला म्हणून १८७८ चा अधिक कडक आला. राखीव रान, संरक्षित रान अशा रेषा आखल्या गेल्या. काल जेथे कुऱ्हाड घेऊन शेंदूर लावून जायचे, तेथे आज गेले तर गुन्हा. ठाणे-कुलाब्यात याबद्दल इतकी ओरड झाली की १८८५ मध्ये सरकारला चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. शेतकऱ्यांना राब भाजण्यासाठी लागणाऱ्या टहाळीबद्दल त्या वेळी पुष्कळ लिहिले-बोलले गेले, कारण शेतकऱ्यांना अर्ज लिहून देणारे लोक होते. कातकऱ्यांच्या बाजूने अर्ज लिहिणारे कोण असणार? वारली, ठाकूर यांच्यापाशी निदान थोडी वरकस जमीन होती. कातकऱ्यांची शेती म्हणजे खैर, आणि तो सरकारजमा झाला. राहिले ते रानातले दुसरे काम, ठेकेदाराच्या कोळशाच्या भट्ट्या लावण्याचे. मुंबईच्या चुलींना कोळसा हवा होता. ज्या हातांनी ढलप्या उकळल्या त्यांनी ओंडके जाळायला घेतले.

रायगड जिल्ह्यातील वाचकांना २५ सप्टेंबर १९३० ही तारीख सांगायला नको. उरण तालुक्यातील चिरनेरला त्या दिवशी जंगल सत्याग्रह झाला, अक्कादेवीच्या डोंगराशी हजारो माणसे जमली आणि पोलिसांनी गोळ्या घातल्या. दरवर्षी तेथे हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते. त्या हुतात्म्यांत एक नाव नाग्या महादू कातकरी असे आहे. मी मुलांकडून ही नावे पाठ करून घेत असे. पाठांतरात हे नाव इतर नावांसारखेच येऊन जाई. त्यातील शेवटचा शब्द हा आडनाव नसून एका बंद पडलेल्या उद्योगाचे नाव आहे, आणि तो उद्योग ज्या कायद्याने बंद पाडला त्या कायद्यांविरुद्धच हा माणूस उभा राहिला, हे मी एकदाही फळ्यावर लिहिले नाही. कारण मला ते सुचलेच नव्हते.

त्याहून मोठी गोष्ट सांगतो. नोकरीच्या काळात माझ्या हजेरीपटावर वाडीतली मुले असत. वाघ, पवार, जाधव, मुकणे अशी नावे. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली की ती नावे गैरहजर. आईबाप मुकादमाकडून उचल घेऊन वीटभट्टीवर गेलेले, मुले त्यांच्याबरोबर. पावसाच्या तोंडाशी परत यायची तोवर परीक्षा झालेली असे. वेठबिगारीविरुद्ध १९७६ साली कायदा झाला. पण उचल फिटली नाही की पुढच्या वर्षी पुन्हा त्याच भट्टीवर, हे कायद्याच्या डोळ्यांना दिसायला कठीण. नियमाप्रमाणे मी पटावरून नावे कमी करीत गेलो. तांबड्या शाईची रेघ मारीत असे. त्यांतली काही मुले आज या मंदिराच्या विटा थापणारी आहेत. नव्या शिखराच्या विटा आणायला मी समितीच्या मंडळींबरोबर भट्टीवर गेलो होतो, तेव्हा त्यांतल्या एकाने "गुरुजी, वळखलं का?" असे विचारले. मी हो म्हणालो. ओळखले नव्हते.

आता कात कारखान्यांत होतो. उत्तरेत बरेलीजवळ इज्जतनगरला १९१९ साली स्थापन झालेल्या कंपनीचा मोठा कारखाना आहे; आपल्या कोकणात चिपळूणजवळ सावर्डे परिसरात कातभट्ट्या आहेत. खैराला भाव आला, तशी चोरटी तोडही आली. वास्तविक महाराष्ट्राच्या १९६४ च्या झाडतोड नियमन कायद्याच्या यादीत खैराचे नाव आहे, परवान्याशिवाय त्याला हात लावता येत नाही. तरी आपल्या डोंगरावर गाभा भरलेला खैर दाखवा म्हटले तर बोटावर मोजण्याइतका निघेल. उरले ते मनगटाएवढे. काही शेतकऱ्यांनी आता बांधावर आणि वरकस जमिनीत खैराची लागवड केली आहे, हे चांगले आहे; पण पंचवीस वर्षे थांबणे म्हणजे नातवासाठी झाड लावणे होय.

या साऱ्या काताचे पुढे काय होते हे पाहिले तर मन विटते. चरकाने जी वस्तू तोंडाच्या रोगांवर गुटिकेत घातली, तीच वस्तू सुपारी, चुना आणि तंबाखूच्या संगतीने पुडीत भरली गेली. गुटख्याने तोंड उघडेनासे झालेली तरुण मुले आपल्या पंचक्रोशीत आहेत. येथे कोणाचे नाव घेत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २००४ साली, तंबाखू नसला तरी नुसती सुपारीदेखील कर्करोगास कारण होते, असा निष्कर्ष प्रसिद्ध केला. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. बंदीची पुडी कोठे मिळते हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. नव्या सभामंडपात कोपऱ्यात पिचकाऱ्या दिसू नयेत म्हणून समितीला पाट्या लावाव्या लागल्या, त्या तांबड्या रंगातही खैर आहेच. झाडाचा यात दोष नाही. औषध म्हणून घरातली पेटी त्याला सोडवेना आणि व्यसन म्हणून दुकानातली पुडी, मध्ये माणसाची अक्कल.

आता मूळ खांबांकडे येतो. कलशारोहणापूर्वीच्या नवग्रहहोमाची यादी गुरुजींनी दिली तेव्हा त्यात मंगळासाठी खैराच्या समिधा होत्या. आमच्यापैकी एकाने उत्साहाने म्हटले, "हे काय, खांब पडलेच आहेत की आवारात!" गुरुजींनी मान हलविली. वापरलेले लाकूड चालत नाही. सालीसकट वीतभर काडी हवी, किडलेली नको, फाटलेली नको. पनवेलच्या दुकानात तयार जुडी मिळते, पण तिच्यात काय असते याची खात्री नाही असेही ते म्हणाले. तेव्हा मी वाडीवर गेलो. ते वृद्ध गृहस्थ अंगणात जाळे विणीत बसले होते. मी काम सांगितले. मग सहज विचारले, "बाबा, कात कसा करतात ते येतं का तुम्हाला?"

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, त्यांचा आजा कोळशाच्या भट्टीवर होता, बापही कोळशाच्या भट्टीवर, ते स्वतः विटांवर. कात त्यांनी दुकानातच पाहिला. "नाव तेवढं ऱ्हायलं, गुरुजी." लाकूड चघळून ओळखायचे कोणी शिकविले म्हणून विचारले, तर म्हणाले की आजीने.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते मोळी घेऊन देवळाच्या दारी आले. एकशे आठ सांगितल्या होत्या. त्यांनी मोजून आणल्या होत्या आणि वर दहा-बारा जास्त. काटे काढून काड्या साफ केल्या होत्या, सगळ्या सारख्या वीतभर. पैसे घेईनात. गुरुजींनी त्यांना आत बोलाविले आणि मोळी त्यांच्याच हातांनी यज्ञकुंडाशी ठेवून घेतली.

जुन्या खांबांपैकी दोन दीपमाळेशेजारी उभे केले आहेत, येता-जाता दिसतील. स्मरणिकेच्या शेवटी देणगीदारांची यादी आहे. रोख रकमा आणि वस्तुरूपाने मिळालेल्या देणग्या असे तिचे दोन भाग आहेत. दुसऱ्या भागात घंटा, समया, लाद्या आणि सतरंज्या यांच्यानंतर 'खैराच्या समिधा, कातकरवाडी' अशी एक ओळ समितीने माझ्या विनंतीवरून घातली आहे. ती छापताना वगळली जाऊ नये म्हणून मुद्रिते मी स्वतः तपासली.